अमेरिकेतली इलेक्टिव्ह: तिकिटाआधी टायटर

पत्र:

"मी सरकारी मेडिकल कॉलेजात एमबीबीएस फायनल पार्ट टूला आहे. परीक्षेला साधारण दहा महिने आहेत. पुढे अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, करायची इच्छा आहे, म्हणून परीक्षा झाल्यावर चार आठवड्यांची इलेक्टिव्ह करायचं मनात आहे. एक एजंट शिकागोजवळच्या एका खासगी क्लिनिकमध्ये 'हँड्स-ऑन इलेक्टिव्ह' आणि 'शिफारसपत्राची हमी' देतोय. फी ३ लाख २० हजार, तिकीट आणि राहणं वेगळं. तो म्हणतो, व्हिसाच्या मुलाखतीत इलेक्टिव्हचं नावच काढू नका, न्यू जर्सीतल्या एडिसनला आतेबहिणीकडे फिरायला चाललेय असं सांगा. आतेबहीण खरंच तिथे राहते. बाबा शिक्षक आहेत, पतसंस्थेचं कर्ज काढायला तयार आहेत. माझी मैत्रीण अशीच युगांडाला जातेय, तिथे स्वतःच्या हाताने बाळंतपणं करायला मिळतात म्हणे. मी काय करावं?"
— प. द., सोलापूर जिल्हा

प्रिय प.,

आधी बाबांना सांग, पतसंस्थेचा अर्ज भरू नका. निदान या एजंटसाठी तरी नकोच. तुझी अमेरिकेला जायची इच्छा अगदी योग्य आहे आणि हातात वेळही पुरेसा आहे. पण हा माणूस जे विकतोय, ती इलेक्टिव्ह नाही.

इलेक्टिव्ह म्हणजे मेडिकल स्कूलने तुला पाहुणी विद्यार्थिनी म्हणून नोंदवून घेणं. तिथल्या रजिस्ट्रारकडे तुझं नाव असतं, तू त्यांच्या युनिटमध्ये असतेस, पेशंटची हिस्टरी घेतेस, तपासतेस, राऊंडला केस मांडतेस आणि शेवटी तुझं लेखी मूल्यमापन होतं. ऑब्झर्व्हरशिप म्हणजे डॉक्टरांच्या मागे उभं राहून बघणं. पेशंटला हात लावायचा नाही. ऑब्झर्व्हरशिप वाईट नसते, डिग्री हातात आल्यावर अनेकांना तोच एक मार्ग उरतो. पण तिला इलेक्टिव्हची किंमत लावायची आणि वर 'हँड्स-ऑन' म्हणायचं, ही फसवणूक आहे.

ती फसवणूक का, ते व्हिसाच्या नियमातच लिहिलेलं आहे. परदेशी मेडिकल कॉलेजातल्या विद्यार्थ्याला बी-१, म्हणजे कामानिमित्त छोट्या भेटीच्या, व्हिसावर इलेक्टिव्ह करता येते. मात्र ती अमेरिकन मेडिकल स्कूलच्या हॉस्पिटलात, तिथल्या प्राध्यापकांच्या देखरेखीखाली, बिनपगारी आणि तुझ्या कॉलेजने शिक्षणाचा भाग म्हणून मान्य केलेली असावी लागते. मेडिकल स्कूलशी काही संबंध नसलेल्या खासगी क्लिनिकात पेशंट तपासणं यात बसत नाही. एजंटला एवढंच विचार: कोणत्या मेडिकल स्कूलचा रजिस्ट्रार मला नोंदवून घेणार? माझा लायबिलिटी इन्शुरन्स, म्हणजे पेशंटने दावा केला तर भरपाई देणारा विमा, कोणाच्या नावाने असेल? शेवटी मूल्यमापनाच्या फॉर्मवर कोणत्या विद्यापीठाचं नाव असेल? उत्तरं ईमेलवर माग. फोनवर गोड बोलणं आलं आणि ईमेल आला नाही, तर समजून जा.

आणि आतेबहिणीचा बहाणा अजिबात नको. नातं खरं आहे, पण जाण्याचं कारण खोटं आहे. व्हिसासाठी कारण लपवल्याचं उघड झालं तर अमेरिकेत प्रवेशासाठी कायमची अपात्रता लागू शकते. म्हणजे ज्या रेसिडेन्सीसाठी हे सगळं चाललंय, तीच जाईल. एजंटचं मात्र काहीच जात नाही.

आता तुझं वेळापत्रक. ही खिडकी तू विद्यार्थिनी आहेस तोवरच उघडी असते. पदवी मिळाली की बहुतेक स्कूल इलेक्टिव्ह देत नाहीत. इंटर्नला काही ठिकाणी विद्यार्थी धरतात, काही ठिकाणी नाही, आणि ते प्रत्येक स्कूलला लेखी विचारावं लागतं. शिवाय इंटर्नशिपमध्ये रजा मोजकी असते, जास्त गैरहजेरी झाली की इंटर्नशिप तेवढी लांबते. परदेशातले चार आठवडे त्यात धरले जातील ही आशा ठेवू नकोस. परीक्षेआधी जायचं म्हटलं तर थिअरीची ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलची ८० टक्के हजेरी आड येते. म्हणून तू निवडलेली वेळ, फायनलचं शेवटचं प्रॅक्टिकल झाल्यापासून इंटर्नशिप सुरू होईपर्यंतची, सगळ्यात सोयीची आहे. फक्त त्या वेळी तू अजून विद्यार्थिनी आहेस, हे डीनच्या पत्रात स्पष्ट यायला हवं.

दहा महिने भरपूर वाटतात. पण त्यातले आठ एका लसीतच जाऊ शकतात, म्हणून तिथूनच सुरुवात कर.

अमेरिकन स्कूल एक ठरावीक लसीकरणाचा फॉर्म भरून मागतात. आपल्याकडच्या मुलांचे अर्ज सगळ्यात जास्त याच कागदावर अडकतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस कॉलेजात घेतले असशील, पण डोस घेतल्याची नोंद पुरत नाही. रक्तात अँटिबॉडी किती आहे त्याचा आकडा, म्हणजे टायटर, लागतो, मिली-इंटरनॅशनल युनिट प्रति मिलीलिटरमध्ये, आणि तो १० किंवा त्याहून जास्त हवा. लॅबने रिपोर्टवर नुसतं 'रिअ‍ॅक्टिव्ह' छापलं तर फॉर्म परत येतो. रक्त देतानाच काउंटरवर सांग: अँटी-एचबीएस, क्वांटिटेटिव्ह. आकडा १० च्या खाली आला तर एक जादा डोस घेऊन चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासता येतं. तरीही चढला नाही तर डोसांची दुसरी मालिका पूर्ण करावी लागते. डोस कधी घेतलेच नसतील, तर ०, १ आणि ६ महिने, त्यानंतर एक-दोन महिन्यांनी टायटर. झाले आठ महिने. ही तपासणी याच आठवड्यात का, ते आता लक्षात येईल.

गोवर-गालगुंड-रुबेला, म्हणजे एमएमआर. तुझ्या लहानपणी सरकारी लसीकरणात फक्त गोवर होती, गालगुंडाची लस तर सरकारी वेळापत्रकात आजही नाही. त्यामुळे आईने जपून ठेवलेल्या अंगणवाडीच्या कार्डावर काम भागणार नाही. तिन्हींचे आयजीजी टायटर पॉझिटिव्ह दाखव, नाहीतर किमान २८ दिवसांच्या अंतराने एमएमआरचे दोन डोस घे. कांजिण्यांचंही तसंच. "लहानपणी येऊन गेल्या" हे तोंडी चालत नाही, टायटर किंवा चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस. धनुर्वातासाठी आपण उठसूट टीटी घेतो, पण तिथे टीडॅप लागते, म्हणजे डांग्या खोकल्याचा घटक असलेली, गेल्या दहा वर्षांतली. टीटीची नोंद दाखवून काही होत नाही. ही लस बहुधा बाहेर खासगीत विकत घ्यावी लागेल. फ्लूचा हंगाम असेल तर त्या वर्षाची फ्लूची लसही मागतात.

टीबीसाठी मँटू, म्हणजे कातडीत टोचून बघायची चाचणी, करू नकोस, आयजीआरए ही रक्ताची तपासणी कर. आपण सगळे टीबीची बीसीजी लस घेतलेले, शिवाय वॉर्डात वावरणारे. मँटू फुगते आणि मग खुलासे करत बसावं लागतं. इथे एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एमएमआर आणि कांजिण्या या जिवंत लसी आहेत. त्या दोन्ही एकाच दिवशी घे, नाहीतर मध्ये २८ दिवस सोड. आणि आयजीआरएचं रक्त त्याच दिवशी दे किंवा लशीनंतर किमान चार आठवडे थांब. मधल्या काळात दिलेल्या रक्ताचा निकाल भरवशाचा राहत नाही. आयजीआरए पॉझिटिव्ह आली तर घाबरू नकोस, आपल्या मुलांमध्ये ते नवलाचं नाही. छातीचा एक्स-रे आणि लक्षणं नसल्याचं डॉक्टरांचं पत्र जोडलं की सहसा पुढे जाता येतं. फक्त ही तपासणी फार लवकर करू नकोस, अनेक स्कूल ती गेल्या सहा ते बारा महिन्यांतलीच मागतात.

फॉर्म भरताना तारखा अमेरिकन पद्धतीने लिहायच्या, महिना आधी आणि दिवस नंतर. ५ जुलैला घेतलेला पहिला डोस तू ०५/०७ लिहिलास तर तिकडे तो ७ मे होतो. मग दुसऱ्या डोसपर्यंतचं अंतर चुकतं आणि अख्खा फॉर्म परत. नावाचंही बघ. मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर तुझं आणि वडिलांचं नाव मिळून एका रकान्यात, आणि लॅबच्या रिपोर्टवर नुसतं पहिलं नाव, अशी तीन नावं झाली की तिथल्या कोऑर्डिनेटरला ही तीन माणसं वाटतात. लॅबमध्ये पासपोर्ट घेऊन जा आणि त्याच्यावर जसं आहे तसंच नाव टाइप करून घे.

कॉलेजची कागदपत्रं लसींइतकी किचकट नाहीत, पण स्टुडंट सेक्शनमध्ये खेटे घालावे लागतील. ट्रान्सक्रिप्ट नाशिकहून, आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून यायचं आहे, त्याला वेळ धर. डीनच्या पत्राचा मजकूर तूच टाइप करून ने. क्लार्कने असं पत्र कधी पाहिलेलं नसतं, 'बोनाफाईड' म्हटलं की तो छापील नमुना काढून देतो आणि त्याचा इथे उपयोग नाही. पत्रात चार गोष्टी हव्यात: तू फायनलची नियमित विद्यार्थिनी आहेस आणि तुझ्यावर कोणतीही कारवाई नाही, मेडिसिन, सर्जरी, पेडियाट्रिक्स, गायनॅक, सायकियाट्री या पोस्टिंग किती आठवड्यांच्या झाल्या, ही इलेक्टिव्ह तुझ्या शिक्षणाचा भाग म्हणून कॉलेजला मान्य आहे, अमुक तारखेपर्यंत तुला पदवी मिळणार नाही. सायकियाट्रीचे आठवडे आपल्याकडे कमी भरतात, म्हणून लॉगबुक बघून नेमका आकडा लिही. कॉलेजचा ईमेल जीमेलवर असेल तर काही स्कूल तो अधिकृत मानत नाहीत, तेव्हा सरकारी पत्त्यावरून पत्र जाईल अशी सोय डीन ऑफिसमध्ये आधीच विचारून ठेव.

अर्ज करण्याचा मुख्य मार्ग म्हणजे व्हीएसएलओ, अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची सामाईक यंत्रणा. पण तुझं कॉलेज त्यात सहभागी असेल तरच तुला तिथून अर्ज करता येतो. हे सगळ्यात आधी तपास. नसेल तर जे स्कूल परदेशी विद्यार्थ्यांचे अर्ज थेट घेतात ते शोधावे लागतात. प्रत्येकाच्या साइटवर पाहुण्या विद्यार्थ्यांचं पान असतं, त्यावर परदेशी विद्यार्थ्यांच्या अटी वाच. दहा-पंधरा ठिकाणी अर्ज कर. अर्जाची फी परत मिळत नाही, म्हणून आधी ईमेल करून तू त्यांच्या अटीत बसतेस का ते विचार. काही ठिकाणी युएसएमएलई या अमेरिकन डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेची स्टेप १ लागते. ती जानेवारी २०२२ पासून फक्त पास किंवा नापास अशी आहे, आणि नापास झाल्याची नोंद कायम राहते. फायनलच्या अभ्यासात ती घाईने कोंबू नकोस. स्टेप १ न मागणारी स्कूल थोडी असली तरी आहेत.

लायबिलिटी इन्शुरन्सची अट वाचून पोटात गोळा येईल: बहुतेक ठिकाणी एका दाव्याला १० लाख डॉलर आणि एकूण ३० लाख डॉलरचं संरक्षण मागतात. हा विम्याचा आकडा आहे, तुझ्या खिशातून जाणारा नाही. प्रीमियम त्या मानाने अगदी थोडा असतो. आपली कॉलेजं असा विमा देत नाहीत. काही स्कूल आपल्या फीतच तो धरतात, काही विकत घ्यायला सांगतात. आरोग्य विमा वेगळा. त्यात वॉर्डात सुई टोचली तर त्याचा खर्च धरलाय का, हे पॉलिसीत शोध. साध्या प्रवासी विम्यात तो बऱ्याचदा नसतो.

स्वीकृतीपत्र हाती आलं की त्याच दिवशी डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भर आणि मुलाखतीची तारीख घे. अर्जाची फी १८५ डॉलर, परत न मिळणारी. मुंबईत तारखेला कधी आठवडे, कधी अनेक महिने लागतात. आधी बोटांचे ठसे, मग बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. तिथे खरं आणि थोडक्यात सांग: फायनलची विद्यार्थिनी आहे, अमुक मेडिकल स्कूलमध्ये चार आठवड्यांची बिनपगारी इलेक्टिव्ह आहे, खर्च वडील करणार, परत येऊन इंटर्नशिप करायची आहे. आतेबहिणीकडे राहणार असशील तर तेही सांग, त्यात लपवण्यासारखं काही नाही. स्कूलच्या पत्रात तारखा आणि बिनपगारी हा शब्द आहे ना, ते आधी बघून घे. विमानतळावर अधिकाऱ्यालाही हेच सांगायचं, आणि बाहेर पडल्यावर आय-९४, म्हणजे देशात प्रवेश केल्याची नोंद, ऑनलाइन उघडून त्यावर बी-१ पडलंय का ते तपास. तिथे पर्यटकाचं बी-२ पडलं तर काही हॉस्पिटलं पहिल्याच दिवशी आत घेत नाहीत.

आतेबहिणीचा खरा उपयोग इथे आहे. चार आठवड्यांचं भाडं हा मोठा खर्च असतो. एडिसनहून बस-ट्रेनने पोहोचता येईल अशी स्कूल आधी धर, आणि पहाटे सहाला वॉर्डात पोहोचता येतं का ते वेळापत्रकात बघ.

शिफारसपत्राच्या 'हमी'बद्दल. रेसिडेन्सीच्या अर्जात पत्र लिहिणारा डॉक्टर ते स्वतः ऑनलाइन चढवतो, आणि अर्जदाराने ते पाहण्याचा हक्क सोडलेला असावा अशी अपेक्षा असते. पाकिटात घालून दिलेलं पत्र तिथे कामाचं नाही. तुला ओळखतसुद्धा नसताना ज्याची हमी मिळते, त्या पत्रात लिहिणार काय? पत्र राऊंडवर मिळवायचं असतं. आपल्याकडे केस मांडताना नाव, गाव, धंदा, मग तक्रारी, मग क्रमाने सगळी हिस्टरी असा प्रवास करून आपण निदानाला पोहोचतो. तिथे पहिल्याच वाक्यात पेशंट उभा करावा लागतो: "अठ्ठावन्न वर्षांचे गृहस्थ, जुना मधुमेह, तीन दिवस वाढत गेलेला दम आणि पायांवर सूज." मग निवडक तपासणी, आणि शेवटी प्रत्येक प्रश्नावर तुझं मत आणि पुढे काय करायचं. पाच मिनिटांत. परीक्षकासमोर उत्तर चुकेल म्हणून आपण योजना सांगायची टाळतो. तिथे चुकीची योजना सांगितली तर शिकवतात, न सांगितलेली मात्र खटकते. माहीत नसेल तर "बघून सांगते" म्हण आणि दुपारपर्यंत खरंच बघून सांग. इथे बसून आपल्या वॉर्डातल्या पेशंटवर रोज एक अशी केस मांडून बघ, त्याला पैसे लागत नाहीत.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी विचार, "माझं काय सुधारायला हवं?" तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पत्राची विनंती कर. तुझी इंटर्नशिप अजून बाकी असेल, म्हणून पत्र आताच लिहून ठेवा आणि मी अर्ज करेन तेव्हा चढवा, अशीच विनंती कर. आणि पेशंटचा, एक्स-रेचा, कागदाचा फोटो कधीही काढू नकोस. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सर्रास फिरतात तसले फोटो तिथे कायद्याचा भंग ठरतात आणि इलेक्टिव्ह तिथेच संपते.

खर्चाचा हिशेब बाबांसोबत कागदावर मांड: स्कूलची फी, दोन विमे, लसी आणि तपासण्या, व्हिसा, तिकीट, राहणं-जेवण. फी काही ठिकाणी काहीशे डॉलर, काही ठिकाणी काही हजार. यादी करतानाच महागडी वगळ. एवढं करूनही बेरीज झेपत नसेल तर वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, आयएफएमएसएची, अदलाबदल योजना आहे. भारतात ती एमएसएआय या विद्यार्थी संघटनेमार्फत चालते. चार आठवडे, राहण्याची सोय आणि दिवसाला निदान एक जेवण यजमान देश करतो. अमेरिकन शिफारसपत्र त्यातून मिळणार नाही, पण दुसऱ्या देशाची आरोग्यव्यवस्था आतून बघायला मिळते आणि कर्ज काढावं लागत नाही.

मैत्रिणीला हे वाचायला दे. बाळंतपणं करायला शिकायची असतील तर आपल्या सिव्हिलची लेबर रूम आहे. तिथे भाषा समजते, सिस्टर आणि रेसिडेंट शेजारी उभे असतात, बाईला "थांब, मला ही नको" असं म्हणता येतं. परक्या देशात, परक्या भाषेत, देखरेख कोण करणार हे माहीत नसताना एखाद्या बाईच्या प्रसूतीला हात घालणं म्हणजे तिच्यावर सराव करणं. जे इथे एकटीने करायची परवानगी नाही, ते तिथेही एकटीने करायचं नाही, एजंट काहीही म्हणो. ती जाणारच असेल तर त्या हॉस्पिटलकडून देखरेख करणाऱ्या डॉक्टरचं नाव लेखी घ्यावं. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परतताना आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या परत आल्यावरही चालू ठेवायच्या असतात: डॉक्सिसायक्लिन चार आठवडे, अ‍ॅटोव्हाकोन-प्रोग्वानिल सात दिवस. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवायचं, पिळायचं नाही, आणि एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं शक्यतो पहिल्या काही तासांत, फार तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायची. ती औषधं त्या हॉस्पिटलात नेमक्या कोणत्या खोलीत, कोणाच्या किल्लीखाली असतात, हे तिने पहिल्याच दिवशी विचारावं.

तू सोमवारी पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या, ओपीडीत जाऊन लशींची नोंद काढ आणि टायटरसाठी रक्त दे. हिपॅटायटिस बीचा आकडा आला की कळव. १० च्या खाली असेल तर महिन्यांचं गणित नव्याने मांडावं लागेल.